सुखरूप पोहोचलो म्हणून

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस माझा पुतण्या दोन दिवसांसाठी आमच्याकडे बारडोलीला आला होता. तो सुरतेत नोकरीला असतो, आणि त्याला मोटारसायकलींचा भारी नाद आहे. संध्याकाळी चहा घेताना तो म्हणाला, "काका, पुढच्या शनिवारी पुण्याकडे ट्रॅक डे आहे. गाडी घेऊन जाणार आहे."

हा काय प्रकार असतो हे मला ठाऊक नव्हते. त्याने समजावून सांगितले. शर्यतीसाठी बांधलेला बंदिस्त मार्ग एका दिवसासाठी भाड्याने घेतात. हौशी मंडळी फी भरतात आणि आपापली गाडी त्यावर वेगाने चालवतात. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. आपल्या गाडीचा आणि आपल्या हिमतीचा अंदाज घ्यायचा, इतकेच.

अंगणात त्याची गाडी उभी होती. सहज लक्ष गेले, तर मागच्या टायरची नक्षी मधोमध पार पुसून गेलेली. आपल्याकडे टायर गोटा झाला म्हणतात, तशी गत. मी म्हटले, "अरे, या टायरवर जाणार तू?"

तो हसला. "काका, हे टायर आता टाकायचेच आहेत. नवे टायर एका दिवसात झिजवण्यापेक्षा जुनेच तिथे संपवलेले बरे. पुष्कळजण तसेच करतात. शिवाय शर्यतीच्या गाड्यांचे टायर गुळगुळीतच असतात. आणि धोका आहे तो माझा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही." मग क्षणभर थांबून, अगदी निर्मळ मनाने तो पुढे म्हणाला, "आणि तुम्हीच नाही का सांगितले होते, उकाईला जाताना देवाने आपल्याला कसे राखले ते? तुमची ती साक्ष मला अजून आठवते."

प्रिय वाचकहो, त्याच्या पहिल्या दोन मुद्द्यांना मी उत्तर देऊ शकलो असतो. तिसऱ्याने मात्र माझी वाचा बंद केली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून जो प्रश्न मनात घोळत आहे, तो आपल्यापुढे मांडावा म्हणून हा लेख.

आधी त्याचा पहिला मुद्दा घेऊ, कारण त्यात खरेपणाचा अंश आहे. टायरवरच्या खाचा कोरड्या रस्त्यासाठी नसतातच, त्या पाण्यासाठी असतात. ओल्या रस्त्यावर चाक धावू लागले की पुढचे पाणी या खाचांतून बाजूला फेकले जाते आणि रबर रस्त्याला टेकते. खाच उरली नाही की पाण्याला वाट राहत नाही. मग वेगात असलेले चाक पाण्याच्या पातळ थरावर चढते, आणि त्या क्षणी हँडल व ब्रेक दोन्ही नावापुरते उरतात. कोरड्या मार्गावर ही अडचण नाही. तेथे जितके जास्त रबर जमिनीला टेकेल तितकी पकड चांगली. म्हणून शर्यतीचे टायर खाचांवाचून बनवतात, आणि पाऊस आला की लगेच बदलून खाचांचे टायर घालतात.

परंतु शर्यतीचा टायर गुळगुळीत जन्माला येतो, तर झिजलेला टायर गुळगुळीत होतो. हा फरक लहान नाही. पहिल्याचे रबर मऊ असते, त्याच कामासाठी तयार केलेले असते, आणि त्याची जाडी शाबूत असते. दुसऱ्याचे रबर उन्हाने व वयाने टणक झालेले असते, वरचा थर संपत आलेला असतो, आणि त्याखालचा धाग्यांचा सांगाडा केव्हा उघडा पडेल याचा नेम नसतो. दिसायला दोघे सारखे, पण एकाला त्या वेगासाठी घडवले आहे आणि दुसऱ्याच्या हातून ते वेगवान काम बळेच करून घेतले जात आहे.

आणि टायर बिचारा काही लपवून ठेवीत नाही. त्याच्या खाचांच्या तळाशी लहान लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले असे समजावे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी दुचाकी व तिचाकीसाठी ०.८ मिलिमीटर आणि इतर मोटारगाड्यांसाठी १.६ मिलिमीटर ही खाचेच्या खोलीची किमान मर्यादा ठरवली आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असे लिहिले असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. वय, झीज, मर्यादा सारे उघड लिहिलेले असते. न पाहणारे आपणच असतो.

दुसरा मुद्दा, 'धोका माझा आहे'. यातही काही तथ्य आहे हे मी मान्य करतो. बंदिस्त मार्गावर समोरून एस. टी. येत नाही, म्हैस आडवी जात नाही, चेंडूमागे पोर धावत येत नाही. सगळे एकाच दिशेने जातात. अंगावर जाड पोशाख, डोक्याला हेल्मेट, वळणाबाहेर मोकळी जागा आणि जवळच रुग्णवाहिका असते. जाणूनबुजून, तयारीनिशी धोका पत्करणारा माणूस भर बाजारातून बेफाम गाडी हाकणाऱ्यापेक्षा अधिक प्रामाणिक आहे, यात शंका नाही.

तरीही 'धोका माझाच' हे म्हणणे पुरते खरे ठरत नाही. त्याचा टायर फुटला तर त्याच्यामागून येणारा कोठे जाईल? वळणावळणावर झेंडे घेऊन उभे असणारे मार्शल हे बहुधा हौसेने आलेले स्वयंसेवक असतात. इटलीतील मोंझा येथे २००० साली आणि ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे २००१ साली, अशा लागोपाठच्या दोन वर्षांत, अपघातात निखळून उडालेल्या चाकाने एकेका मार्शलचा बळी घेतला. दोघांपैकी कोणीही शर्यतीत धावत नव्हता. आणि आमच्या या गृहस्थाला तर त्याच टायरवर पुण्याहून सुरतेपर्यंत परत यायचे होते, तेही जूनच्या तोंडावर, वळिवाच्या दिवसांत. महामार्गावरच्या लोकांनी त्याला फी भरून परवानगी दिलेली नव्हती.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला एक साधी आज्ञा आहे. घराच्या धाब्याला कठडा कर, म्हणजे कोणी वरून पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. या आज्ञेतली वेळ ध्यानात घ्यावी. घर नवे आहे, अजून कोणीही पडलेले नाही, कठडा तेव्हाच बांधायचा आहे. धाब्यावर येणारा पाहुणा काही कडेची मापे घेऊन वर चढत नाही. तो घरधन्याच्या भरवशावर येतो.

धोका पत्करणे हे सर्वस्वी वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. मी ज्या गावात राहतो त्या गावाचे नावच धोका पत्करल्यामुळे इतिहासात गेले. १९२८ साली बारडोली तालुक्यातील शेतकऱ्यांनी वाढीव शेतसारा भरण्याचे नाकारले. त्यापूर्वी वल्लभभाई पटेलांनी त्यांना स्पष्ट बजावले होते की जमिनी जप्त होतील, गुरे जातील, नीट विचार करा. ज्यांना सोसायचे होते त्यांना आधी सांगितले गेले, आणि त्यांनीच होकार दिला. याच बारडोलीत त्यापूर्वी सहा वर्षे, फेब्रुवारी १९२२ मध्ये, नेमके उलटे घडले होते. येथे सामुदायिक कायदेभंग सुरू व्हायचा होता. इतक्यात चौरीचौऱ्याला जमावाने पोलीसठाणे जाळून पोलिसांना ठार मारल्याची बातमी आली. आपल्या हाती असलेले साधन अजून हा भार पेलण्याजोगे नाही असे गांधीजींनी ओळखले, आणि बारडोलीतच चळवळ तहकूब करण्याचा ठराव झाला. मोठमोठे सहकारी नाराज झाले. पण त्यांनी माघार घेतली. एकाच गावाने धोका पत्करावा कसा हे शिकवले आणि थांबावे केव्हा हेही शिकवले.

आता तिसरा मुद्दा, ज्याने माझी झोप उडवली.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्ट महिना होता. शब्बाथशाळेच्या अकरा मुलांना घेऊन मी उकाईचे धरण पाहायला निघालो. माझा हा पुतण्या त्यांच्यातच होता, तेव्हा आठ वर्षांचा. जीप एका परिचितांकडून मागून आणली होती. किल्ली देताना त्यांनी मला सांगितले होते, "टायर गेलेत बरं का. बदलायचे आहेत. सावकाश न्या." मी मान हलवली. मुले केव्हापासून वाट पाहत होती, डबे भरले होते, पाऊस थांबला होता. व्यारा मागे टाकल्यावर पुन्हा सर आली. एका उतरत्या वळणावर मी ब्रेक दाबला आणि जीप माझी राहिली नाही. ती अर्धी फिरली, रस्ता सोडून खाली उतरली आणि उसाच्या फडाला टेकून थांबली. कोणालाही खरचटलेसुद्धा नाही. त्याच वळणावर मिनिटभराने समोरून एक भरलेला ट्रक गेला.

पुढच्या रविवारी उपासनेत मी साक्ष दिली. देवाने आपल्या लेकरांना कसे राखले ते सांगितले. अनेकांचे डोळे भरून आले. मी सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. फक्त टायरची गोष्ट मी सांगितली नाही. मला आधी बजावले होते, हेही सांगितले नाही. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयी नियम आहे. बैल मारका आहे हे धन्याला कळवलेले असूनही त्याने तो बांधून ठेवला नाही, तर धनी दोषी. मला कळवलेले होते.

माझ्या त्या अर्ध्या साक्षीतून आठ वर्षांच्या एका मुलाने काय शिकावे? झिजलेल्या टायरवरही देव राखतो, हे. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावर उभे करून हेच सुचवले होते की उडी टाक, तुला झेलतील. प्रभूने ते नाकारले, कारण ते देवावर विश्वास ठेवणे नसून देवाची परीक्षा पाहणे होते. मी मात्र परीक्षा पाहिली होती आणि तिला विश्वासाचे नाव देऊन व्यासपीठावरून सांगितले होते.

आता प्रश्न असा. समजा, त्याच दिवशी तशाच झिजलेल्या टायरवर दुसरा एक शिक्षक तशीच मुले घेऊन निघाला. त्याच वळणावर त्याची जीप घसरली, पण ट्रक मिनिटभर आधी आला. त्याच्या हातून मुले दगावली. मी साक्ष दिली आणि तो तुरुंगात गेला. आम्हा दोघांच्या वागण्यात काय फरक होता? काही नाही. फरक मिनिटाचा होता, आणि ते मिनिट आमच्यापैकी कोणाच्याही हातात नव्हते.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स व टॉमस नेगेल या दोघा तत्त्वज्ञांनी हा प्रश्न 'नैतिक दैव' अशा अर्थाच्या नावाने चर्चेला आणला. नेगेल यांनी ब्रेक तपासून न घेणाऱ्या ट्रकचालकाचेच उदाहरण घेतले आहे. कायदाही परिणाम पाहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकारपणे वाहन चालवून जीव धोक्यात घालणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडवल्यास ती पाच वर्षांपर्यंत जाते. मानवी न्यायालयाला याहून वेगळे करणे कठीण आहे, कारण ज्याचे लेकरू गेले त्याच्यापुढे उभे राहावे लागते. त्या दुसऱ्या शिक्षकावरचे ऋण माझ्यापेक्षा फार मोठे आहे, हे मी मानतो. पण किल्ली फिरवताना आम्ही दोघे सारखेच दोषी होतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असे विचारून प्रभूच उत्तर देतो की नाही. आणि लगेच, जे वाचले त्यांनाच तो पश्चात्ताप करण्यास सांगतो. वाचलेल्यांना मिळालेला वेळ हे त्यांच्या निर्दोषपणाचे प्रमाणपत्र नव्हते.

शर्यतीच्या जगातच याची दोन उदाहरणे आहेत, दोन्ही २००५ सालची, एकमेकांपासून तीन आठवड्यांच्या अंतरावर. त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये एकाच संचाचे टायर सबंध शर्यतभर वापरण्याचा नियम होता. खराब झालेला टायर सुरक्षिततेसाठी बदलण्याची मुभा होती, पण त्यात वेळ जाई. २९ मे रोजी जर्मनीतील न्युरबर्गरिंग येथे किमी रायकोनेन आघाडीवर होता. ब्रेक जोरात दाबल्याने त्याच्या पुढच्या उजव्या टायरला सपाट चट्टा पडला आणि चाक जोराने थरथरू लागले. थांबावे तर विजय जातो. तो व त्याचा संघ थांबले नाहीत. शेवटच्या फेरीच्या पहिल्याच वळणावर थरथरीने खिळखिळा झालेला चाकाचा आधार तुटला, आणि गाडी दुसऱ्या एका गाडीच्या अगदी जवळून घसरत बाहेर गेली. शर्यत एका फेरीने लहान असती तर तोच निर्णय धाडसी म्हणून वाखाणला गेला असता.

१९ जून रोजी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे सरावातच टायर निकामी होऊन मोठा अपघात झाला. त्या शर्यतीच्या वेगवान, तिरक्या वळणावर आपले टायर टिकतील अशी हमी देता येत नाही, असे मिशलिन कंपनीने संघांना कळवले. शर्यतीआधीची फेरी पुरी करून वीसपैकी चौदा गाड्या मागे फिरल्या आणि सहाच धावल्या. प्रेक्षकांनी हुर्यो केली, मार्गावर बाटल्या फेकल्या. त्या सहांमध्ये आपला नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. त्याचे टायर दुसऱ्या कंपनीचे होते, त्याच्याकडे दोष नाही. पण जे चौदा थांबले त्यांना काय मिळाले? शून्य गुण आणि शिव्या. आपण योग्य केले हे त्यांना सिद्धही करता येणार नाही, कारण जे घडू दिले नाही त्याचा पुरावा दाखवता येत नाही.

सावधपणाची हीच अडचण आहे. त्याचे फळ दिसत नाही. बारडोलीच्या रस्त्यांवर हंगामात उसाने लादलेले ट्रक आणि ट्रॉल्या जातात. त्यांना टायर कोणता घालायचा हे पुष्कळदा चालक ठरवत नाही, मालक ठरवतो. शंभर खेपा नीट झाल्या की शंभर वेळा त्याला वाटते, आपला हिशेब बरोबर होता. खेप नीट झाल्याने हिशेब बरोबर ठरत नाही. निर्णय घेताना आपल्याला काय ठाऊक होते आणि त्याचा भार कोणावर पडणार होता, हे पाहायला हवे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुतण्याला त्या जीपची सगळी हकिकत सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. सुरतेला गेल्यावर त्याने टायर बदलले. ट्रॅक डे झाल्यावर त्याचा फोन आला. "काका, दिवसभर कडकडीत ऊन होते. माझ्याबरोबरच्या दोघांचे टायर माझ्या जुन्यांपेक्षा वाईट होते, तेही मजेत घरी पोहोचले. माझे पैसे फुकटच गेले म्हणायचे."

मी विचारले, "कठडा बांधला आणि वर्षभर कोणी पडले नाही, तर कठडा फुकट गेला म्हणशील?"

तो म्हणाला, "नाही म्हणणार. पण काका, मंडळीतल्या लोकांनी तर अजून तुमची जुनीच साक्ष ऐकलेली आहे."

खरे होते. पुढच्या रविवारी पाळकांची परवानगी घेऊन मी उभा राहिलो आणि ती साक्ष पुरी केली. त्या जीपमधल्या एका मुलाची आई आता वृद्ध झाली आहे. उपासना संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "हे तेव्हाच सांगायला हवं होतं तुम्ही. मी माझा मुलगा तुमच्या भरवशावर पाठवला होता." माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि ती उत्तरासाठी आलीही नव्हती.

शब्बाथशाळेच्या शिक्षकबंधुभगिनींनो, मुले आपल्या साक्षी ऐकत असतात आणि वर्षानुवर्षे ध्यानात ठेवतात. देवाने राखले हे त्यांना जरूर सांगा. पण कशापासून राखले हे सांगताना आपल्या हातून झालेली चूक वगळू नका. आणि पुढच्या सहलीला निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारा, खाली वाका, आणि टायरच्या खाचेत बोट घालून पाहा.